सोलापूरकरांचे पर्यावरण-संकल्प : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

५ जूनला शाळेत, ऑफिसात हात पुढे करून शपथ होते, फोटो निघतो, एखादं रोप लागतं आणि ६ जूनला मागील पानावरून पुढे चालू. "शपथ घेतली, आता नेमकं करायचं काय?" असं विचारणारी माणसं मात्र भेटत राहतात. कधी सकाळी होम मैदानावर फिरताना, कधी बचत गटाच्या बैठकीत, कधी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. त्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सोलापूर डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. मुंबईला लोकल आहे, कोकणाला पाऊस आहे. आपल्याकडे ऊन आहे, ज्वारी आहे आणि पाळीपाळीने येणारं पाणी आहे. संकल्पही त्यालाच धरून करावा लागतो.

माझ्या एकट्याच्या संकल्पाने काय फरक पडणार? तिकडे फताटेवाडीची चिमणी चालूच आहे की!

आहेच. एनटीपीसीचा तो कोळशावरचा वीजप्रकल्प १३२० मेगावॉटचा आहे. तुम्ही दिवा मालवलात म्हणून तिथला कोळसा पेटायचा थांबत नाही. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकू. भारतातला माणूस वर्षाला सरासरी सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, जगाची सरासरी साडेचार टनांच्या पुढे आहे. म्हणजे शहराच्या पूर्व भागात दोन खोल्यांत राहून विड्या वळणाऱ्या बाईला "वापर कमी करा" म्हणणं हा उद्धटपणा आहे. तिच्याकडे कमी करायला काही शिल्लकच नाही. ज्या घरात दोन एसी, दोन गाड्या आणि दर वर्षी नवा मोबाइल आहे, त्या घराने आधी हात वर करावा.

पण फरक पडतो तो दोन ठिकाणी. घरगुती वापर सगळ्यांचा मिळून मोठाच असतो, आणि पंख्यापासून पिशवीपर्यंत बाजारात काय येणार हे गिऱ्हाईकच ठरवतं. दुसरं, जो स्वतः कचरा वेगळा करतो तोच नगरसेवकाला "पुढे तो एकत्र का होतो?" असं विचारू शकतो. ज्याने घरात काहीच केलं नाही, त्याला हा प्रश्न सुचतही नाही. सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून खोदवला, असं आपल्याकडे परंपरेने सांगतात. तिथेही कुणीतरी पहिली पाटी उचललीच असेल.

संकल्पांची यादी देता का? दहा-वीस मुद्दे असले तरी चालतील.

यादी हवी असेल तर केंद्र सरकारच्या 'मिशन लाइफ'ची आहे. २० ऑक्टोबर २०२२ ला गुजरातेत एकतानगरला ही मोहीम सुरू झाली आणि तिच्यात रोजच्या जगण्यातल्या ७५ कृती दिल्या आहेत. वाचायला चांगली आहे. पण पंच्याहत्तर गोष्टी एकदम धरणारा माणूस आठवड्यात सगळ्या सोडतो.

आमचा सल्ला एवढाच की वर्षाला एक किंवा दोन संकल्प घ्या आणि तो असा घ्या की पाळला की नाही हे बिलावर, मीटरवर किंवा बादलीत दिसेल. "मी पाणी जपून वापरेन" याला आम्ही संकल्प धरत नाही. "आठवड्याच्या भाजीला घरून पिशवी नेईन, विसरलो तर परत येईन" हा संकल्प. एकदा भर उन्हात लक्ष्मी मंडईतून रिकाम्या हाताने घरी यावं लागलं की पुढे पिशवी विसरत नाही.

माझं घर किती कार्बन सोडतं, हे कसं काढायचं?

त्यासाठी अ‍ॅप लागत नाही. विजेचं बिल, पेट्रोलचा खर्च आणि सिलिंडर किती दिवस पुरतो, एवढं पुरे. आपल्याकडची वीज बहुतांश कोळशाची असल्यामुळे एका युनिटमागे साधारण पाऊण किलोच्या आत-बाहेर कार्बन डायऑक्साइड धरतात. पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो. १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमागे ४० किलोच्या थोडं वर.

समजा चौघांचं घर आहे. महिन्याला २०० युनिट, २० लिटर पेट्रोल आणि एक सिलिंडर. विजेचे १४५ किलो, पेट्रोलचे ४६, गॅसचे ४२. म्हणजे महिन्याला सव्वादोनशेच्या पुढे, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त विजेचं. (अन्न, कपडे, बांधकाम यात धरलेलं नाही, ते घरबसल्या मोजणं अवघड.) मंडळी गॅस वाचवायच्या युक्त्या विचारत बसतात आणि बिल मात्र बघतच नाहीत. सोलापुरातल्या मध्यमवर्गीय घराचा पहिला संकल्प विजेचा असावा, असं आमचं मत या आकड्यांमुळेच बनलं आहे.

मग विजेत नेमकं काय करू? एलईडी तर कधीच लावले.

पंखे बदला. आपल्याकडे होळीला लागलेला पंखा दिवाळीनंतरच थांबतो. जुना साधा पंखा ७० ते ७५ वॉट खातो, बीएलडीसी मोटारीचा ३० च्या आसपास. रोज पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला वीसेक युनिट वाचतात. तीन पंखे म्हणजे साठ. एवढी बचत दिवे मालवून मालवून होत नाही. हा पंखा महाग असतो, म्हणून एकदम सगळे घेऊ नका. ज्या खोलीत रात्रभर पंखा फिरतो तिथला आधी. जुना पंखा गावाकडे लावायला पाठवायचा नाही. तिथेही तो तेवढीच वीज खातो.

कूलर बरा की एसी? कूलरला पाणी लागतं, एसीला वीज. दोन्हीकडून अडचण.

हा खरा सोलापुरी प्रश्न, आणि याला एका ओळीचं उत्तर नाही.

मोठा कूलर कोरड्या हवेत तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज पितो. दहा तासांना ऐंशी ते शंभर लिटर झाले, आणि चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात ते जाणवतं. वीज मात्र दिवसाला दोन युनिटच्या आतच. दीड टनाचा चांगल्या रेटिंगचा एसी त्याच दहा तासांत दहाएक युनिट घेतो. पण कोळशाची वीजही कोरडी तयार होत नाही. औष्णिक प्रकल्पात एका युनिटमागे साधारण ३ लिटर पाणी लागतं, म्हणजे एसीवाल्याचंही तीसेक लिटर पाणी खर्ची पडतं. फक्त ते त्याच्या टाकीतून जात नाही, म्हणून दिसत नाही.

आमचा कल असा : एप्रिल-मेमध्ये, हवा खडखडीत कोरडी असताना, कूलर. मृग लागून हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा पंखा. घरात आजारी किंवा वयस्कर माणूस असेल आणि पारा ४३-४४ ला टेकला असेल तर एसी बिनदिक्कत लावा, त्यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. २४ अंशांच्या खाली मात्र आणू नका. एकेक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर संकल्पापायी गल्लीत डेंग्यू आणाल.

या दोन्हींच्या आधी करायची गोष्ट वेगळीच आहे. स्लॅबला पांढरा रंग द्या. चुन्यात थोडा गोंद किंवा फेव्हिकॉल कालवून मार्च सरता सरता दोन हात मारले की वरच्या मजल्यावरची खोली दोन-तीन अंश तरी खाली येते. पत्र्यालाही हेच लागू. आपल्या आज्याची धाब्याची घरं मे महिन्यात का सुसह्य होती, हे नव्या आरसीसीत एक उन्हाळा काढलेल्याला सांगावं लागत नाही.

नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आम्ही आणखी काय वाचवायचं?

वाचवण्यापेक्षा ओतणं थांबवा. नळ सुटला की सोलापुरातल्या हजारो घरांत काय होतं ते आठवा. पिंप, कळशा, हंडे भरलेलेच असतात. ते पाणी "शिळं" झालं म्हणून मोरीत जातं आणि त्याच भांड्यांत "ताजं" भरलं जातं. झाकून ठेवलेलं पाणी चार दिवसांत खराब होत नाही. आणि तसं बघितलं तर नळातलं ताजं पाणीही उजनी धरणात कधीपासून साठलेलं, शंभरेक किलोमीटरवरून पाइपातून आलेलं असतं.

तर पहिला संकल्प हा, की साठवणीतलं पाणी गटारात जाणार नाही. पिण्याचं उरलेलं स्वयंपाकाला, तिथलं उरलेलं भांड्याला, फरशीला, शेवटी झाडाला. पिंपाला घट्ट झाकण हवंच. डासाची अंडी-अळी-डास ही फेरी पुरी व्हायला आठवडाभर लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा भांडं घासून कोरडं केलं की भीती राहत नाही.

दुसरा संकल्प मोटारीचा. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढणं बेकायदा आहे, आणि गल्लीच्या शेवटच्या घराला थेंब येत नाही तो त्यामुळेच. पर्यावरण वगैरे बाजूला ठेवा, हा साधा शेजारधर्म आहे.

तिसरं म्हणजे शॉवर. मिनिटाला आठ-दहा लिटर जातात, बादली वीस लिटरची. जुळे सोलापूरच्या नव्या फ्लॅटांत बोअर आहे म्हणून शॉवर सोडणाऱ्यांनी टँकरचं बिल सुरू होण्याची वाट बघू नये.

जाता जाता एक. उजनीत पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून येतं हे जगजाहीर आहे. ते थांबवणं तुमच्या-आमच्या बादलीच्या आवाक्यात नाही. तिथे संकल्प कामाचा नाही, तिथे आवाज उठवावा लागतो.

आरओचं वाया जाणारं पाणी?

एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर पडतं. ते बादलीत धरा, फरशी पुसायला आणि संडासात ओतायला चालतं. झाडांना रोज घालू नका, क्षार साचतात. पण त्याआधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजून घ्या. ५०० च्या खाली असेल तर आरओची गरजच नाही, यूव्ही किंवा उकळणं पुरतं. बोअरचं पाणी पिणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आणि वीस लिटरचा जार थंड असतो म्हणजे शुद्ध असतो, असं नाही.

आपल्याकडे पाऊसच कमी. छतावरचं पाणी धरून काय मिळणार?

कमी पडतो म्हणूनच धरायचा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर वर्षात ५०० मिलीमीटर पडला आणि त्यातला वीस टक्के वाया गेला असं धरलं, तरी ३७ हजार लिटर हाती लागतं. चांगल्या तीन-चार मोठ्या टँकरांएवढं. आपल्याकडचा जोर सप्टेंबरच्या परतीच्या पावसाचा असतो, म्हणून जूनमध्ये दोन सरी बघून निराश होऊ नका. पहिल्या सरीचं पाणी धूळ-विष्ठा घेऊन येतं, ते सोडून द्यायची सोय ठेवा. खाली काळा पाषाण असल्यामुळे नुसता खड्डा खणून पाणी मुरेलच असं नाही. बंद पडत चाललेला बोअर असेल तर गाळणी लावून त्यात सोडणं जास्त कामाचं. मोठी टाकी बांधायला पैसे नसतील तर पन्हळीखाली एक पिंप ठेवा. धुणं तरी निघेल.

सोलर बसवावं का? परवडतं का?

सोलापुरात उन्हाची काय कमी! एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चारेक युनिट देतो आणि त्याला सावली नसलेली शंभरेक चौरस फूट जागा लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. महिन्याला दोनशे-अडीचशे युनिट वापरणाऱ्या घराला दोन किलोवॉट पुरतात. ज्याचं बिलच पाच-सहाशे येतं, त्याने घाई करू नये, आधी पंखे बदलावेत.

लोकांना आधी न सांगितलेल्या दोन गोष्टी इथे सांगतो. बॅटरी नसलेला, वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला साधा ऑनग्रिड संच लाइट गेली की आपणही बंद पडतो, मग छतावर ऊन कितीही असो. दुसरं, इथली धूळ. पॅनेलवर थर बसला की वीज घटते. पहाटे, काच गार असताना, ओल्या फडक्याच्या लांब दांड्याने पुसा. पाइप लावून धुवायची चैन आपल्याला परवडणारी नाही.

फ्लॅटमध्ये असाल तर गच्ची सगळ्यांची, सोसायटीच्या सभेत विषय घ्यावा लागतो. तिथे पंख्याहून जास्त वेळ फिरणारी माणसं भेटतील.

खाण्यापिण्यात काय बदल करायचा? शाकाहारी व्हावं लागेल का?

मटण सोडा असं सांगून सोलापुरात कुणी ऐकणार नाही आणि आमचाही तसा आग्रह नाही. शेळी-बोकडाच्या मटणाचा पर्यावरणावरचा बोजा कोंबडी-अंड्यांहून बराच जास्त असतो, एवढं लक्षात ठेवून रविवारचं मटण रविवारीच राहू द्या.

खरा संकल्प भाकरीचा. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली की काळ्या रानातल्या ओलीवर आणि हिवाळ्यातल्या दवावर येते. बऱ्याच शेतांत पाण्याची एखादीच पाळी मिळते, कित्येकदा तीही नाही. धान्य माणसाला, कडबा जनावराला. भाताच्या चिखलात पाणी तुंबून मिथेन तयार होतो, गव्हाला चार-पाच पाण्याच्या पाळ्या लागतात, आणि ऊस तर सगळं धरण पिऊन बसतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगाने साजरं केलं. आपण मात्र लग्नाच्या पंगतीत पुलाव वाढतो आणि भाकरी "गावरान स्टॉल"वर फोटोपुरती ठेवतो.

कडक भाकरीकडे जरा निरखून बघा. पापडासारखी पातळ थापून तव्यावर शेकायची, मग मंद आचेवर पार कोरडी होईपर्यंत ठेवायची. थप्पी लावून कागदात गुंडाळली की आठवडेच्या आठवडे टिकते. फ्रीज नको, गरम करायला गॅस नको, बरणी-डबा काही नको. वरून शेंगाचटणी, दही, नाहीतर चुरून आमटीत. बचत गटाच्या बायकांना त्यातून चार पैसे मिळतात ते वेगळेच. प्रवासात बिस्किटांचे पुडे आणि चिप्सची पाकिटं घेण्याऐवजी हिची चळत बरोबर घेण्याचा संकल्प सगळ्यात चविष्ट ठरेल.

अडचण खरी आहे. रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतो आणि चांगली ज्वारी बाजारात महाग पडते. भाकरी थापायला वेळ आणि हात लागतो, आणि तो हात बहुतेक घरांत एकाच बाईचा असतो. तेव्हा संकल्प "घरात रोज भाकरी" असा नको, "आठवड्यातून तीन दिवस भाकरी, त्यातल्या एका दिवशी थापणार मी" असा हवा. हे वाक्य घरातल्या पुरुषांसाठी आहे, हे वेगळं सांगायला नको.

प्लास्टिकची पिशवी बंदी असूनही सगळीकडे मिळते. मग मी कशाला नाही म्हणू?

बंदी २३ मार्च २०१८ ची. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड आहे. तरी मिळते, कारण मागणारे आहेत. रंगीत, कापडासारख्या दिसणाऱ्या त्या फेकाऊ पिशवीला भुलू नका, ती बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. आपल्या शहरात शाळांचे गणवेश शिवायचे कारखाने आहेत, टॉवेल-चादरीचे माग आहेत. कटपीस किलोवर मिळतात. दहा पिशव्या शिवून घ्या, दोन गाडीच्या डिकीत, एक ऑफिसच्या बॅगेत. मटण-मासळीला डबा न्या. दुकानदार पहिल्या वेळी हसेल, तिसऱ्या वेळी स्वतःच डबा मागेल.

ओला-सुका वेगळा करून काय फायदा? घंटागाडीत तर सगळं एकत्रच पडतं.

कुठे पडतं, कुठे नाही. तुमच्या गल्लीत पडत असेल तर गाडीवाल्याशी भांडू नका, त्याच्या गाडीला दोन कप्पे देणं त्याच्या हातात नसतं. आरोग्य निरीक्षकाकडे लेखी तक्रार करा, फोटोसकट, आणि एकट्याने नाही, दहा घरांनी मिळून. दरम्यान ओला कचरा गाडीपर्यंत जाऊच देऊ नका. मग उरलेला सुका कुणी एकत्र केला तरी सडत नाही आणि भंगारवाल्याला वेचता येतो. सॅनिटरी पॅड, सुया, जुन्या गोळ्या कागदात गुंडाळून, खूण करून वेगळ्या द्या. हाताने कचरा वेचणारा माणूसच असतो.

घरी खत करायचं म्हटलं तर वास येतो, अळ्या होतात.

ओल जास्त आणि सुकं कमी, एवढंच कारण. जुना माठ किंवा भोकं पाडलेली बादली घ्या, तळाला नारळाच्या शेंड्या. एक ओंजळ भाजीचे देठ टाकले की एक-दोन ओंजळी वाळला पाला किंवा लाकडाचा भुसा. आठवड्यातून एकदा आंबट ताकाचा हबका आणि एकदा हलवणं. आपल्या उन्हात ते लवकर कोरडं पडतं, म्हणून मूठ आवळून बघा : हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. दीड-दोन महिन्यांत मातीसारखा वास येऊ लागतो. पांढऱ्या अळ्या दिसल्या तर किळस येईल, पण त्या खत खराब करत नाहीत. वरून सुका पाला वाढवला की जातात. खरकटं, तेलकट आणि हाडं मात्र यात नको.

कपड्यांचं काय? सोलापूर तर कापडाचंच गाव.

म्हणून तर सोपं आहे. अस्सल सुती सोलापुरी चादर, जिला भौगोलिक मानांकन आहे, घरात पंधरा-वीस वर्षं सहज राहते. आधी अंथरायला, मग पांघरायला, विरली की गोधडीत, शेवटी पायपुसणं. सोलापुरी म्हणून खपवल्या जाणाऱ्या पॉलिस्टरच्या मालाला एवढे जन्म नाहीत, आणि प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक प्लास्टिक धागे पाण्यात जातात. लग्नात आहेर म्हणून द्यायची असेल तर एक कमी द्या, पण सुती द्या. यंत्रमागावर घाम गाळणाऱ्याच्या हातालाही काम राहतं.

सिटी बस धड नाही. गाडी न वापरून जायचं कसं?

जायचं गाडीनेच, पण मोजून. दीड-दोन किलोमीटरचं काम पायी किंवा सायकलने (मे महिन्यात दुपारी नाही, वेडेपणा करू नका). शेअर रिक्षा हीच आपली सार्वजनिक वाहतूक आहे, तिला कमी लेखू नका. नवी दुचाकी घ्यायचीच असेल तर विजेची : शंभर किलोमीटरला तीनेक युनिट लागतात, म्हणजे कोळशाची वीज धरूनही पेट्रोलच्या निम्म्याहून कमी कार्बन. चालू गाडी चांगली असताना मात्र केवळ 'ग्रीन' व्हायला बदलू नका. पुण्याला जायला हुतात्मा आणि वंदे भारत आहेत. एकट्याने कार काढली तर जाताना सोळा-सतरा लिटर पेट्रोल जळतं. चौघे असाल तर गोष्ट वेगळी.

वाढदिवसाला एक झाड, हा संकल्प कसा वाटतो?

चांगला, पण दोन अटी. जूनमध्ये लावलेल्या रोपाला पुढचे दोन उन्हाळे पाणी घालायची तयारी हवी. बुंध्याजवळ बारीक भोकाचं मडकं पुरलं तर कमी पाण्यात भागतं. कडुलिंब, चिंच, करंज, उंबर, बोर, सीताफळ यांना आपली हवा मानवते.

दुसरी अट महत्त्वाची, आणि उत्साही मंडळींना न रुचणारी : माळावर झाडं लावू नका. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. माळढोकाला उघडं, खुरटं गवत लागतं, म्हणजे दूरवर दिसलं पाहिजे आणि जमिनीवर अंडं घालता आलं पाहिजे. काळवीट, खोकड, लांडगा यांचंही घर हेच. आपण मात्र माळाला पडीक समजतो आणि चर खणून, गिरिपुष्प लावून 'हरित' करून टाकतो. कधीकाळी नान्नजला जाऊन माळढोक बघून येणाऱ्यांच्या गप्पा अजून ऐकू येतात, पक्षी मात्र आता दुर्मीळ झाला आहे. त्यामागे कारणं अनेक आहेत, पण माळाला माळ म्हणून न बघणं हे त्यातलं एक. झाड लावायचं तर शहरात, रस्त्याकडेला, शाळेत, बांधावर लावा. माळावर गेलात तर गवतावर गाडी घालू नका आणि मोकाट कुत्र्यांना खायला टाकू नका.

गणपती आणि गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा?

गणपती शाडूचा, लहान, बादलीत विसर्जन आणि ते पाणी कुंडीत. पीओपी पाण्यात विरघळत नाही, एवढं कारण पुरे. निर्माल्य तलावात नको. गड्ड्याला जाताना पाण्याची बाटली घरून न्या. भज्यांचा कागद खिशात ठेवावा लागला तर ठेवा.

घरातले ऐकत नाहीत. सासूबाई शिळं पाणी ओततातच, मुलं एसी लावून झोपतात.

सासूबाईंना शिकवायला जाऊ नका, विचारायला जा. "आई, तुमच्या लहानपणी आडाचं पाणी किती दिवस पुरवायचात?" असं विचारलं की दुष्काळाच्या गोष्टी निघतात, आणि मग त्याच पिंपाचा पहारा करतात. नारळाच्या शेंडीने भांडी घासणारी, लुगड्याची गोधडी करणारी पिढी आहे ती. तिला 'पर्यावरणपूरक' हा शब्दच काय तो नवा. मुलांना मीटर वाचायला द्या. दर रविवारी आकडा कॅलेंडरवर लिहायचा, आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा बिल जेवढं कमी येईल तेवढे पैसे त्यांचे. भाषणाने न झालेलं काम यातून होताना बघितलं आहे.

संकल्प मोडला तर?

पुढच्या दिवशी परत धरा. उपवास नाही की मोडला म्हणजे पुण्य गेलं.

अधिकृत शपथ कुठे घेता येते?

राज्य सरकारचं 'माझी वसुंधरा' अभियान २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर त्याची मांडणी आहे आणि संकेतस्थळावर ई-शपथ घेता येते. शाळांना, मंडळांना ते सोयीचं. घरच्यासाठी फ्रीजवर चिकटवलेली चिठ्ठी जास्त उपयोगी पडते, कारण ती रोज दिसते.

आम्ही भाड्याच्या घरात राहतो. मालक काही करू देत नाही. मग?

छतावरचं सोलर आणि बोअर पुनर्भरण सोडून यातलं जवळपास सगळं भाडेकरूला जमतं. स्लॅबला चुना लावायला मालक सहसा नाही म्हणत नाही, गळती कमी होईल असं सांगून बघा. पंखा तुमच्या खर्चाने बदला, जुना माळ्यावर ठेवा. घर सोडताना जुना परत लावायचा आणि आपला काढून घेऊन जायचा.